वेळासच्या वाळूवर एक सकाळ

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या चाळीतली पाच कुटुंबे मुलाबाळांसह रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेली. रात्रीच्या एस.टी.ने मंडणगड गाठले. याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. तेथे वंदन करून दुपारी आम्ही वेळासला पोहोचलो. उतरण्याची आणि जेवणाची सोय गावकऱ्यांच्याच घरी होती. तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले खाऊन सगळे ताजेतवाने झालो.

समुद्रातली ऑलिव्ह रिडले कासवीण थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते. वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. पिल्लांचे तोंडही ती पाहत नाही. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, खात आणि विकत. उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन येथे संरक्षण सुरू केले. आता पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात.

शनिवारी संध्याकाळी आम्ही कुंपणाजवळ उभे राहिलो. घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या एकेक करून उचलल्या. सगळ्या रिकाम्या! मुले हिरमुसली. आम्हीही मनात एस.टी.च्या भाड्याचा हिशेब केला, खोटे कशाला बोला?

रविवारी सकाळी मात्र एका टोपलीखाली वाळू हलताना दिसली. तळहातात मावतील अशी काळसर पिल्ले बाहेर पडली. त्यांना पाण्यापासून थोडे अलीकडे सोडले. एक पिल्लू उलटे पडले. आमची धाकटी त्याला उचलून पाण्यात टाकायला धावली. राखण करणाऱ्या दादांनी तिला थांबवले, "बाळ, त्याला चालू दे. ही वाळू त्याच्या ओळखीची झाली पाहिजे. मोठी झाल्यावर मादी याच भागात अंडी घालायला येते असे म्हणतात." पिल्लू धडपडत सरळ झाले आणि लाटेबरोबर गेले. हजारात एखादेच मोठे होते म्हणे. धाकटी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

निघताना आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही विचारले, पूर्वी अंडी विकून चार पैसे मिळत, त्याचे काय? त्या हसून म्हणाल्या, "आता पाहुण्यांचे मिळतात ना!" २००६ सालापासून येथे कासव महोत्सव भरतो. गरिबाच्या पोटाला आधार मिळाला, म्हणून त्याने राखण मनापासून केली. नुसता कायदा तर १९७२ पासून होताच. २०१८ साली सरकारने मच्छीमारांसाठीही योजना आणली. अडकलेले कासव जाळे कापून सोडले, तर नुकसानभरपाई मिळते.

२०२२ च्या जानेवारीत येथल्याच एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाचे यंत्र बसवून तिचे नाव 'प्रथमा' ठेवले.

वाचकहो, मुलांना घेऊन एकदा जरूर जा. मात्र प्लॅस्टिकची एकही पिशवी किनाऱ्यावर टाकू नका आणि रिकामी टोपली दिसली तर रागावू नका. दुसऱ्या दिवसाची सकाळ असतेच.