उन्हाच्या वाटेत

बुसानमध्ये पानं अजून पिवळी पडली नव्हती, पण शरद आलाय हे नाकाला आधी कळलं. रस्त्याकडेच्या गिंकोच्या झाडांखाली पिवळट फळांचा सडा पडला होता आणि त्यावर पाय पडला की खवट लोण्यासारखा वास उठत होता. “मावशी, खाली बघून चाल. ते बुटाला लागलं तर बूट दाराबाहेर झोपतील,” भाची म्हणाली. आपल्याकडे शरद म्हणजे टिपूर चांदणं आणि आटीव दूध. इथे त्याने अशी वर्दी दिली. खरं सांगायचं तर मला ती आवडली.

थोसाँग स्थानकावर मेट्रो सोडून आम्ही एक बुटकी बस धरली. तिला इथे ‘मउल बस’ म्हणतात. मउल म्हणजे गाव. मोठ्या बसचा दम जिथे सरतो, तिथून गावबसचं राज्य सुरू होतं. प्रत्येक वळणाला मी शेजारच्या आजींच्या अंगावर कलंडत होते. त्या मात्र पिशव्या दोन पायांत धरून, वळण यायच्या आधीच उलट बाजूला झुकत होत्या. रस्ता त्यांच्या अंगात मुरलेला होता.

वर खिंडीपाशी उतरलो. एका अंगाला गाम्छन, दुसऱ्या अंगाला आमी-दोंग. कॅमेरेवाले सगळे गाम्छनकडे वळले, म्हणून आम्हीही वळलो.

आणि समोर तो डोंगरउतार. फिकट निळी, गुलाबी, पिस्ता रंगाची घरं, फडताळात डबे लावावेत तशी एकावर एक रचलेली. बहुतेक गच्च्यांवर पाण्याची निळी टाकी. खाली लांबवर बंदराचा चमकता तुकडा. 1950 साली युद्ध पेटलं, बुसान दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी झालं आणि लाखो माणसं जीव घेऊन या शहरात आली. सपाटीवर जागा उरली नाही, म्हणून माणसं डोंगर चढली. त्याच दशकात थेगुकदो नावाच्या पंथाचे लोक या उतारावर वसले. लाकडी फळ्यांच्या खोपटांपासून सुरुवात झाली. पण म्हणतात, तेव्हापासून एक रीत पाळली गेली. पुढच्या घराने मागच्या घराचं ऊन आणि नजर अडवायची नाही. हा उतार पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलाय तो त्यामुळे. अंगावर धड कपडा नसलेल्या माणसांनी शेजाऱ्याच्या उन्हाचा विचार करावा, याचं मला आजही नवल वाटतं.

रंग फार नंतर आले. 2009 मध्ये सांस्कृतिक मंत्रालयाच्या एका योजनेतून कलाकार, विद्यार्थी आणि रहिवासी एकत्र आले. त्या प्रकल्पाच्या नावात ‘बुसानचं माचू पिचू’ होतं. मला हे नाव काही रुचलं नाही. माचू पिचूला वस्ती उरलेली नाही. इथे दोरीवर बनियन वाळत होते आणि कुठल्या तरी खिडकीतून लसणाची फोडणी येत होती.

चित्रं मात्र गोड आहेत, हे कबूल करायला हवं. लहान लहान रंगीत लाकडी मासे जोडून एका भिंतीवर भला थोरला मासा केलाय. बोळांमध्ये वाट दाखवायलाही मासेच आहेत. एका गच्चीच्या कडेला माणसाच्या तोंडाचे पक्षी बसलेत. आणि कठड्यावर, लोकांकडे पाठ करून, कोल्ह्याशेजारी बसलेला लिटल प्रिन्स. त्याच्या शेजारी बसून फोटो काढायला रांग होती, अगदी गणपतीत मुखदर्शनाला असते तशी. भाची म्हणाली, “थांबायचं?” मी नको म्हटलं. तो बिचारा शांतपणे गाव बघतोय आणि आपण त्याला बघणाऱ्यांना बघतोय. एवढं पुरे.

एका दारावर हळू बोलण्याची विनंती होती. आतून टीव्हीचा आवाज येत होता आणि उंबऱ्यापाशी रबरी चपलांचा एक जोड होता. सोलमधल्या इह्वा-दोंगच्या डोंगरवस्तीत 2016 साली काही रहिवाशांनी आपल्या जिन्यावरचे प्रसिद्ध मासे आणि फुलं स्वतःच रंग फासून पुसून टाकली होती. गोंगाट सहन होईना म्हणून. तेव्हा बातमी वाचताना मला त्या सुंदर माशांची हळहळ वाटली होती. त्या चपलांसमोर उभी राहिले आणि हळहळ बाजू बदलून गेली. आपल्याकडे घाटकोपरजवळची असल्फाची टेकडी अशीच रंगवली. मेट्रोतून जाताना मीही खिडकीतून कौतुकाने तिच्याकडे बघितलंय. उतरून वर मात्र कधी गेले नाही. बुसानची टेकडी चढायला मी विमानाने आले होते.

परतताना खिंड ओलांडून आमी-दोंगमध्ये शिरलो. इथे गर्दी अशी नव्हतीच. जपानी सत्तेच्या काळात या उतारावर जपान्यांचं दफनस्थान होतं. 1945 मध्ये ते मायदेशी परतले, त्यांचे मेलेले मागे राहिले. पाच वर्षांनी निर्वासित आले आणि त्यांना हाताशी दगड मिळाले ते थडग्यांचे. तेच पायाला घातले, भिंतीत बसवले, पायरीला लावले. भाचीने एका घराच्या तळाशी बोट दाखवलं. सिमेंटमधून घडीव दगडाचा कोपरा बाहेर आला होता आणि त्यावर झिजलेली उभी अक्षरं होती. कुणाचं तरी नाव.

“सणाला इथली जुनी माणसं या लोकांसाठीही वाटीभर भात ठेवत,” ती म्हणाली. आठवड्यापूर्वीच छुसॉक झाला होता. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला घरोघरी पूर्वजांना जेवू घालायचा तो दिवस. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपदी पौर्णिमाच असते, जिच्या पाठोपाठ पितृपक्ष लागतो. मला आमचं माजघर आठवलं. श्राद्धाच्या शेवटी गुरुजी वडिलांना ज्यांच्या मागे कोणीच उरलं नाही त्यांच्या नावानेही पाणी सोडायला सांगत. ‘कोणीच उरलं नाही’ म्हणजे नेमकं कोण, हे तेव्हा कळायचं नाही. त्या अक्षरांवर मला बोट फिरवावंसं वाटलं. फिरवलं नाही.

मी वाकून बघत होते, तेवढ्यात मागून हाक आली. दारात एक आजी उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी चटईवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. बोळ हातभर रुंद, ऊन त्यात तासभरच उतरत असावं, आणि मी नेमकी त्या उन्हात. माझी सावली अर्ध्या चटईवर आडवी पडली होती. त्यांनी हाताचा पंजा हवेत असा हलवला, जसा माझी आजी पापडांवरून कावळ्याला हलवायची.

“मावशी, सरक,” भाची म्हणाली.

मी भिंतीला लागून उभी राहिले. मिरच्यांवर ऊन परत आलं. आजी खाली बसल्या आणि एकेक मिरची उलटी करू लागल्या.