रिपोर्टची पिशवी आणि मोबाईलवरची लिंक

"डॉक्टर, फाईल घरीच राहिली." हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे जवळजवळ रोज ऐकतो. पूर्वी म्हणायचो, "असू द्या, पुढच्या वेळी आणा." आता म्हणत नाही. का, ते सांगतो.

गुडघेदुखीचे एक काका आले होते. रक्तातले क्रिएटिनिन १.३. लॅबने छापलेली मर्यादा ०.७ ते १.३, त्यामुळे रिपोर्टमध्ये काहीच ठळक केलेले नव्हते. मीही 'नॉर्मल' म्हणून पुढे गेलो. दोन महिन्यांनी सूनबाईंना कपाट आवरताना जुनी फाईल सापडली. तीन वर्षांपूर्वी तोच आकडा ०.८ होता! म्हणजे मूत्रपिंडाचे काम बरेच घटले होते, आणि काका औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून रोज घेत होते. ती गोळी बंद केल्यावर आकडा थोडा उतरला. पण ते दोन महिने मला अजून टोचतात.

त्यानंतर दवाखान्यात सॉफ्टवेअर घेतले. अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी तुम्हाला लिंक येते, त्यात काय पाठवायचे याची यादी असते. राहिलेल्या कागदासाठी पुन्हा मेसेज येतो. तो कटकटीचा वाटतो, मला कळते. पण रात्री आठला, बाहेर बारा पेशंट बसलेले असताना मी जे विचारायला विसरतो, ते तो विसरत नाही.

पाठवताना एवढे सांभाळा. लॅबने पीडीएफ दिली असेल तर तीच पाठवा. फोटोच काढायचा असेल तर पूर्ण पानाचा; नाव, तारीख आणि नॉर्मल मर्यादा दिसली पाहिजे. (एकदा बाबांच्या नावाखाली आईची साखर आली होती. तारीखही कापलेली. नशीब, मी फोन केला.) गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो नाव आणि मिलिग्रॅम छापलेल्या बाजूने काढा. दुसऱ्या डॉक्टरांच्या, आयुर्वेदिक, दुकानातून आणलेल्या, सगळ्या गोळ्या त्यात हव्यात. रागावणार नाही.

जुना ईसीजी मात्र आजच फोटो काढून ठेवा. तो कागद उष्णतेवर छापला जातो, काही वर्षांत पुसट होतो. लॅमिनेशन करायला गेलात तर काळाच पडतो. असे दोन-तीन काळे ईसीजी मी पाहिलेत. छातीत दुखून कोणी आले की नवा बदल कोणता आणि जुना कोणता, हे जुन्या ईसीजीवरूनच ठरवता येते.

लिंक आमच्याकडूनच आली आहे का, अशी शंका वाटली तर उघडण्याआधी दवाखान्यात फोन करा. रिपोर्टसाठी आम्ही ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीच मागत नाही.

आणि ज्यांना हे मोबाईलचे जमत नाही, त्यांनी पिशवीच आणा. फक्त पंधरा मिनिटे आधी या. काउंटरवरची ताई स्कॅन करून कागद तुम्हाला परत देईल.