झूल आणि पांघरूण

इंग्रजीतील अपरिचित शब्दांचा नाद आम्हांला सेमिनरीत लागला. ग्रंथालयातील जाडजूड शब्दकोशाशेजारी एक वही ठेवलेली असे आणि वाचनात अडलेला शब्द अर्थासह तीत उतरवून ठेवण्याची आम्हां विद्यार्थ्यांत जणू स्पर्धाच चाले. सणाच्या दिवशी बैलाच्या पाठीवर झूल घालावी, तसा एखादा भारदस्त शब्द निबंधाच्या पाठीवर घालण्यात त्या वयात मोठी मौज होती. ती मौज अजून सरलेली नाही. मात्र खेडसारख्या गावी सेवा करताना ह्या शब्दांची एक निराळीच बाजू आमच्या दृष्टीस पडली, आणि आजचे हे लेखन त्या बाजूविषयी आहे.

आधी थोडी मौज. पुष्कळसे अपरिचित इंग्रजी शब्द चर्चच्या अंगणातच जन्मले आहेत. इंग्लंडमधील ईली येथील संत एथेलड्रेडा ही लोकांच्या तोंडी 'ऑड्री' झाली. तिच्या सणाच्या जत्रेत रेशमी गोफ विकले जात. त्यांना 'सेंट ऑड्रीची लेस' म्हणत. पुढे माल स्वस्त आणि भडक होत गेला आणि त्या नावातून 'टॉड्री' हा शब्द निघाला. अर्थ, दिखाऊ व हलक्या प्रतीचे. बिचाऱ्या संत स्त्रीचा त्यात काय दोष? लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या नावाने एक मठ स्थापन झाला. कालांतराने तेथे मनोरुग्णांना ठेवू लागले आणि 'बेथलेहेम'चे 'बेडलम' झाले. आज त्याचा अर्थ कोलाहल, गोंधळ असा होतो. ज्या गावाचे नाव घेताच आपल्याला शांत रात्र आठवते, त्याच गावाच्या नावाने इंग्रज माणूस गोंगाटाची तक्रार करतो! मठवासीयांना भाविकांच्या दानातून जो जादा घास मिळे तो 'पिटन्स'. त्याच्या मुळाशी दया आहे. आज तोच शब्द तुटपुंज्या वेतनासाठी वापरतात. आणि 'पॅटर' म्हणजे भरभर बोलत सुटणे. हा शब्द 'पातेर नोस्तेर' ह्या लॅटिन प्रार्थनेच्या आरंभावरून आला. घाईघाईने प्रार्थना उरकणाऱ्यांनी इंग्रजी भाषेला दिलेली ही देणगी आम्हां धर्मगुरूंनी तरी विसरू नये.

इंग्रजी शब्द आकाशातून पडलेले नाहीत, हेही ह्या निमित्ताने ध्यानी येते. काही तर आपल्याच बांधावरून गेलेले आहेत. 'मंगूस' हा शब्द आपल्या मुंगसाचा आहे. 'डंगरी' ह्या जाडसर कापडाच्या नावाचे मूळ मुंबईच्या डोंगरीत सांगतात. १८८६ साली यूल व बर्नेल ह्या दोघा विद्वानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या तोंडी रुळलेल्या अशा शब्दांनीच तो भरलेला आहे. तेव्हा अवघड इंग्रजी शब्दापुढे दबून जाण्याचे कारण नाही. तोही आपल्यासारखाच प्रवास करून, झिजून, नाव बदलून आलेला असतो.

आता दुसरी बाजू. आम्हांला शब्द शोधत जावे लागत होते. खेडमध्ये शब्द माणसांना शोधत येतात. मुंबई-गोवा महामार्ग व कोकण रेल्वे ह्या दोन्हींवर वसलेला हा तालुका. घरटी कोणीतरी मुंबईला, कोणी आखातात, कोणी बोटीवर, तर कोणी जवळच्या लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत. ह्या प्रत्येक वाटेने घरात इंग्रजी कागद येतो. मग तो कागद घेऊन कोणीतरी आमच्या दारी उभा राहतो. येणारा आमच्या धर्मग्रामातलाच असतो असे नाही. "फादर, हे जरा बघता का?" एवढीच त्याची विनंती असते. आमच्याकडे येणारे बहुतेकजण अक्षरशत्रू नव्हेत. कित्येकांना इंग्रजी वाचता येते. अडते ते एखाद्याच शब्दाशी, आणि नेमका त्याच शब्दात सगळा कागद अडकलेला असतो.

कारखान्यात नव्यानेच लागलेल्या एका तरुणाने आम्हांला विचारले, "फादर, 'इनकरेक्ट' म्हणजे बरोबर नसलेले, 'इनकम्प्लीट' म्हणजे पुरे नसलेले. मग पिंपावर 'इन्फ्लेमेबल' लिहिले आहे, म्हणजे ते पेट घेणार नाही ना?" त्याचे तर्कशास्त्र निर्दोष होते; भाषा मात्र तर्कशास्त्राने चालत नाही. येथील 'इन' नकाराचा नव्हे. लॅटिनमधील 'पेटविणे' ह्या क्रियापदाचाच तो भाग आहे. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारे, आणि 'फ्लेमेबल' म्हणजेही तेच! आपल्याकडे 'अमूल्य' म्हणजे मूल्य नसलेले असे कोणी समजत नाही, कारण तो शब्द आपण वापरात ऐकलेला असतो. कोशात पाहिलेला नसतो. ह्या घोटाळ्यातील धोका ओळखून अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थेने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला. आपल्या रस्त्यांवरील टँकरच्या पाठीवर मात्र जुना शब्द अजून दिसतो. पिंपावरील ज्वालेचे चित्र आधी पाहावे, शब्द मागाहून वाचावा, असे आम्ही त्या मुलाला सांगितले.

बँकेच्या कागदावर 'जॉइंटली अँड सेव्हरली' अशी एक जोडी येते. 'सेव्हरल' म्हणजे पुष्कळ, एवढे शाळेत शिकविलेले असते. येथे त्याचा अर्थ 'वेगवेगळे' असा आहे. मित्राच्या कर्जाला जामीन राहणाऱ्यास वाटते, बुडालेच तर निम्मे आपण भरू. परंतु ही जोडी सांगते की सर्वांनी मिळून द्यावे, आणि तसे न झाले तर सगळी रक्कम कोणाही एकट्याकडून वसूल करता यावी. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसारही, करारात निराळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोएवढेच असते. मराठी नमुन्यात ह्यासाठी 'संयुक्तपणे व पृथक्‌पणे' असे शब्द आढळतात. वाचकहो, खरे सांगा, 'पृथक्‌पणे' वाचून जामीनदाराच्या ध्यानी काय येणार? एका भाषेतील अंधार दुसऱ्या भाषेत ओतला, म्हणजे भाषांतर होत नाही. 'दोघांनी मिळून, आणि वेळ पडल्यास तुम्ही एकट्याने सगळे' असे म्हटले की सही करणारा हात क्षणभर थांबतो. तो थांबावा, हेच तर हवे असते.

रुग्णालयाच्या कागदांवर शब्द आपला स्वभावच बदलतात. व्यवहारात 'पॉझिटिव्ह' चांगले. तपासणीत ते धास्ती देते. 'प्रोग्रेसिव्ह' माणूस म्हणजे पुरोगामी, 'प्रोग्रेसिव्ह' आजार म्हणजे वाढत जाणारा. 'अनरिमार्केबल' असे स्कॅनच्या रिपोर्टात वाचून एका माउलीचा चेहरा उतरला होता. तिला वाटले, डॉक्टरांनी आपल्या मुलाची दखलच घेतली नाही. दखल घेण्याजोगे वावगे काही आढळले नाही, असा तो शुभसमाचार होता. म्हणून आम्ही मुलांना सांगत असतो की शब्दाचा अर्थ पाहताना त्याची संगत पाहा. कोशातील अर्थ म्हणजे शब्दाचा जन्मदाखला; त्याचा हल्लीचा पत्ता वापरावरूनच कळतो.

ह्या सर्वांत एक शब्द आमच्या मनात घर करून राहिला आहे. एका मुलाने वडिलांचे कागद आणले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातून ते घरी परतले होते. शेवटच्या पानावर दोन-तीनच शब्द होते, त्यांत 'पॅलिएटिव्ह' हा शब्द होता. "फादर, हे नवीन औषध का? इथे खेडात मिळेल की चिपळूणला जावे लागेल?" त्याच्या आवाजात आशा होती. आम्हांला शब्द ठाऊक होता, आणि ठाऊक असल्याचे ओझे त्या क्षणी जाणवले. आजाराविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा, तेव्हा त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे करून दिले. पण शब्दाचा अर्थ आम्ही टाळला नाही. हे औषधाचे नाव नव्हे, असे सांगितले. लॅटिनमध्ये 'पालियुम' म्हणजे अंगावर घ्यावयाचे वस्त्र. पोप महोदय महाधर्मप्रांताच्या आर्चबिशपांना मेंढीच्या लोकरीचा जो शुभ्र पट्टा देतात, त्याचेही नाव तेच. त्या वस्त्रावरून हा शब्द आला. रोग मुळापासून काढता येत नसेल, तेव्हा रोग्याला उघड्यावर न सोडता त्याच्या वेदनेवर पांघरूण घालावयाचे, असा त्याचा भाव. आता काही करावयाचे नाही, असा नव्हे. अजून पुष्कळ करावयाचे आहे, असा. वेदना शमवायची, तोंड ओले ठेवायचे, कूस बदलायची, जवळ बसायचे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले 'शांती आवेदना सदन' हे देशातील पहिले हॉस्पिस ह्याच कामासाठी उभे राहिले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बाबांना एकटे ठेवायचे नाही." त्याने केलेला अर्थ कोणत्याही कोशातल्या अर्थापेक्षा उणा नव्हता. पुढचे सात आठवडे त्याने तो अर्थ पाळला.

गंमत अशी की ह्या शब्दाला इंग्रजीत दुसराही एक अर्थ आहे. अपराधाचे गांभीर्य झाकणे, त्यालाही 'पॅलिएट' म्हणतात. आणि आपल्या मराठीतही 'पांघरूण घालणे' ह्याचे हेच दोन अर्थ होतात! आई लेकराला पांघरूण घालते, आणि लबाड माणूस आपल्या चुकीवर पांघरूण घालतो. वस्त्र एकच, त्याखाली ऊब द्यायची की पाप लपवायचे, हे घालणाऱ्यावर अवलंबून.

अवघड शब्दांचेही तसेच आहे, असे आम्हांला वाटते. अवघड शब्द सरसकट टाकून द्यावेत, हे आमचे म्हणणे नाही. २०११ साली मिस्साविधीचे नवे इंग्रजी भाषांतर आले, तेव्हा श्रद्धांगीकारात 'कॉन्सबस्टॅन्शियल' हा शब्द परतला. हा जड धोंडा कशाला, अशी कुरकूर पुष्कळांनी केली. पण ३२५ सालच्या निकेया परिषदेने पिता व पुत्र ह्यांच्या एकत्वाविषयी जे सांगितले, ते सांगणेच जड आहे. सोप्या शब्दाने ते सोपे होत नाही. तेथे शब्द ठेवावा आणि समजावून सांगण्याचे कष्ट घ्यावेत. वैद्याला, वकिलाला, रसायनशास्त्रज्ञालाही नेमकेपणासाठी असे शब्द लागतातच. शब्दाला विचारावयाचा प्रश्न एकच: तू आलास म्हणून काही अधिक कळले, की काही झाकले गेले? अधिक कळले असेल, तर तो कितीही अनोळखी असो, त्याला पाट मांडावा. झाकलेच असेल, तर ती झूलही नव्हे; तो पडदा होय.

आणि कष्ट घेणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले. ऐकणाऱ्यांची भाषा त्यांनी आत्मसात केली आणि १६१६ साली 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत छापून निघाले. कंपनी सरकारच्या फौजेतील मोल्सवर्थ ह्यांनी शास्त्र्यांना हाताशी धरून मराठी शब्द गोळा केले. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि वाढविलेली आवृत्ती १८५७ साली. त्यांचे सहकारी कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. परक्या मुलखातल्या माणसांनी आपल्या शब्दांसाठी आयुष्याची वर्षे वेचली. आपल्याच शेजाऱ्याच्या एका कागदासाठी आपल्याला अर्धा तास काढता येऊ नये काय?

प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून धर्मग्रंथ वाचीत असतो. वाचलेले समजते का, असे फिलिप त्याला विचारतो, आणि कोणी सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे तो उत्तर देतो. तो अडाणी नव्हता. राणीचा खजिनदार होता. फिलिपने त्याची परीक्षा घेतली नाही की आपले पांडित्य मिरविले नाही. तो रथात चढला आणि शेजारी बसला.

आज आपल्या घराघरांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या तोंडी इंग्रजी ऐकून आईबापांना धन्यता वाटते, ते स्वाभाविकच आहे. त्यांना एवढेच सांगावे, असे आम्हांला वाटते. वहीत नवा शब्द लिहाल, त्या दिवशी तो शब्द कोणाच्या कागदात अडकून बसला आहे, तेही पाहा. शेजारच्या काकांचे विम्याचे पत्र असेल, मावशीच्या औषधाच्या बाटलीवरील सूचना असेल, बोटीवर निघालेल्या दादाचा करार असेल. तो कागद घेऊन त्यांच्याजवळ बसा, शब्द मोठ्याने वाचा आणि घरात बोलता त्या मराठीत त्याचा अर्थ सांगा.