उतरता क्रम

कारकुनाला वाचनाची आवड असतेच असे नाही. खोड मात्र हटकून जडते. दिवसभर परिपत्रके, टिप्पण्या आणि त्यांखालच्या तळटिपा वाचून डोळ्यांना अशी काही सवय होते, की घरी आल्यावरही छापील अक्षर दिसले की ते आपोआप तिकडे वळतात. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद असो की विजेच्या बिलामागच्या सूचना असोत, मला सारे सारखेच. अलीकडे या वाचनात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. न्हाणीघरातल्या बाटल्या आणि डब्या यांच्या पाठीवरचा बारीक मजकूर मी वाचू लागलो आहे. चष्मा कपाळावर चढवून, क्रीमची डबी नाकाशी धरून उभा असलेला नवरा पाहून पत्नीने प्रथम कपाळाला हात लावला. आता तिने तेही सोडून दिले आहे.

परंतु ही खोड मला हौसेने लागलेली नाही. तिच्यामागे एक जुने येणे आहे, आणि ते माझ्याच नावावर मांडलेले आहे.

माझी धाकटी बहीण साताऱ्याहून दिल्लीला आमच्याकडे राहायला आली, त्याला आता तीन वर्षे होतील. येथल्या एका खासगी शाळेत तिला नोकरी लागली होती. तिच्या लग्नाची खटपट आईने माझ्यावर सोपवली होती, आणि अर्ज भरण्याचे काम माझ्याइतके दुसऱ्या कोणाला साधणार? विवाहमंडळाच्या अर्जात 'वर्ण' असा एक रकाना होता. बहीण सावळी आहे, चांगली ठसठशीत सावळी. मी क्षणभर थांबलो आणि 'गव्हाळ' असे लिहून टाकले. तिने अर्ज वाचला; त्या रकान्यावर तिची नजर जरा रेंगाळली. बोलली मात्र काही नाही.

त्याच सुमारास शेजारच्या एका बाईंनी तिला एका क्रीमचे नाव सांगितले. पंधरा दिवसांत फरक पडतो, त्यांच्या भाचीला पडला होता. ते नाव चिठ्ठीवर लिहून घेऊन कचेरीतून परतताना मीच औषधाच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, ट्यूब पुढे ठेवली आणि पैसे घेतले. डॉक्टरांचा कागद त्याने मागितला नाही. मागायला हवा होता हे माझ्याही ध्यानात आले नाही. फरक खरोखरच पडला. चेहरा उजळला, नितळ झाला. मुलाकडची मंडळी येऊन गेली तेव्हा मी मनातल्या मनात त्या बाईंचे आभार मानले, आणि ट्यूब संपली तेव्हा न सांगता दुसरी आणली. तिच्यानंतर तिसरी.

चौथ्या महिन्यात ऊन तापू लागले आणि बहिणीच्या गालांची आग होऊ लागली. शाळेतून परत येईपर्यंत चेहरा तांबडालाल होई. बारीक पुटकुळ्या उठल्या, हनुवटीवर लव दिसू लागली, आणि कातडी इतकी पातळ झाली की खालच्या तांबड्या शिरा मोजाव्यात. क्रीम लावायचे थांबवले की सारे दुपटीने उसळे. पुन्हा लावले की शांत होई. अखेर एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात रांग लावली. तेथल्या डॉक्टरबाईंनी चेहऱ्याकडे एकदाच पाहिले आणि विचारले, "ट्यूब आणली आहे का?"

त्यांनी ती मोठ्याने वाचली. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. पहिले द्रव्य त्वचेतील रंग तयार होऊ देत नाही. दुसरे वरचा थर लवकर झडवते. तिसरे स्टेरॉइड, ते पहिल्या दोहोंनी होणारा दाह दाबून ठेवते, म्हणून आरंभी सारे कसे छान दिसते. वांगावर काही आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली देण्याचे हे औषध. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोळण्याचे नव्हे. "हे सगळे येथे छापलेले आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी ट्यूब माझ्या हातात दिली. डाव्या कडेने तांबडी उभी रेघ होती. नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीविना विकू नये, हेही होते.

बाहेर आल्यावर बहिणीने विचारले, "दादा, तू वाचलं नव्हतंस?"

तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरोखर आश्चर्य वाटले होते. लहानपणापासून तिने मला पाहिले होते; गॅसच्या पावतीवरचे नियमही मी वाचल्याशिवाय सोडत नाही हे ती जाणून होती. पुढे मला असेही कळले, की मलमांतल्या चौदा स्टेरॉइडांना चिठ्ठीच्या नियमातून असलेली सूट केंद्र सरकारने २०१८ सालीच काढून घेतली होती. ज्या सरकारच्या अधिसूचनांवर माझी उपजीविका चालते, त्याच सरकारची ती अधिसूचना होती.

तेव्हापासून मी वाचू लागलो. आणि या वाचनात मला माझ्याच कचेरीतली एक ओळखीची वस्तू भेटली, ती म्हणजे ज्येष्ठता यादी. सौंदर्यप्रसाधनांसंबंधी २०२० साली जे नियम झाले त्यांप्रमाणे घटकद्रव्यांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. जे सर्वांत अधिक ते प्रथम. परंतु हा क्रम एक टक्क्यापर्यंतच पाळावा लागतो. एक टक्का वा त्याहून कमी असलेली मंडळी शेवटी कोणत्याही क्रमाने बसवता येतात. नावेही पदनामासारखी भारदस्त. ॲक्वा म्हणजे आपले पाणी. कुर्कुमा लाँगा म्हणजे हळद आणि अझाडिराख्टा इंडिका म्हणजे दारचा कडुनिंब. पार्फम हा एक शब्द मात्र सबंध विभागाचे नाव आहे. त्याच्या पोटात सुगंधाची किती द्रव्ये नांदतात ते बाहेर कळत नाही, आणि नाजूक त्वचेला पुष्कळदा तीच बाधतात.

डॉक्टरबाईंनी साधे मलई-क्रीम लावण्यास सांगितले होते. दिल्लीच्या थंडीत ते हवेच. मी दुकानात दोन डब्या समोरासमोर धरल्या; वजन सारखे, पण एकीची किंमत दीडशे रुपये आणि दुसरीची साडेनऊशे. दोन्हींच्या याद्यांत पहिली चार नावे एकच होती. पाणी, ते त्वचेत धरून ठेवणारे ग्लिसरीन, त्यावर पातळ पापुद्रा धरून ओल उडू न देणारे पेट्रोलॅटम, आणि सेटिअरिल अल्कोहोल. या शेवटच्याला नावावरून भिण्याचे कारण नाही. तो मेणासारखा मऊ स्निग्ध पदार्थ आहे, त्वचा कोरडी करणारे मद्यार्क नव्हे. मग महाग डबीवरचे ते केशराचे चित्र कोठून आले? यादीत शोधता शोधता 'क्रोकस सटायव्हस' सापडले, परंतु फिनॉक्सिएथेनॉलच्या पाठीमागे. हे नाव मी ध्यानात ठेवले आहे. ते क्रीम नासू नये म्हणून घालतात आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे त्याच्या मागे जो उभा, तोही एक टक्क्याच्या वर नाही. आठशे रुपये जास्त द्यायचे ते बहुतांशी चित्राचे, असा शेरा मारून मी स्वस्त डबी घेतली.

या विद्येचा मला थोडा गर्व होऊ लागला होता. एके दिवशी आमच्या विभागातील एका सहकाऱ्याला मी ऐटीत समजावत होतो, की यादीच्या शेपटाला जे असते ते केवळ नावापुरते. बोलता बोलता मीच अडखळलो. माझ्या बहिणीचा चेहरा ज्याने पोळला ते द्रव्य ०.१ टक्का होते. कचेरीतही यादीतल्या शेवटच्या माणसाने फाइल दाबली की वरच्यांचे काही चालत नाही, हे मी जन्मभर पाहत आलो आहे. प्रमाण किती हे यादी सांगते. सामर्थ्य किती हे प्रत्येक द्रव्याचे वेगळे जाणून घ्यावे लागते.

आणि जे लिहिलेलेच नसते त्याचे काय? २०२३ च्या सुमारास केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या विकाराचे काही रुग्ण असे आढळले, की त्यांच्यातले बरेचसे गोरेपणाचे क्रीम वापरीत होते. संशय पाऱ्यावर गेला. आपल्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनात पारा घालण्यास बंदी आहे. नकळत मिसळला तरी सर्वसाधारणपणे दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. परंतु पारा घालणारा काही तो डबीवर छापणार नाही. ज्या डबीवर यादी नाही, करणाऱ्याचा पत्ता नाही, ती ठेवून द्यावी. वाचकाच्या हाती एवढेच आहे.

आईला हे सारे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणून तर मी सांगते, घरचंच बरं." तिचे उटणे दर दिवाळीला साताऱ्याहून येते. त्यातला नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल यांतला जिन्नस न्‌ जिन्नस तिने स्वतः निवडून कुटलेला असतो. पण चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात बसावे, असेही तीच सांगत असे. आणि लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात भाजून काळी पडते, हे डॉक्टरबाईंनी बहिणीला बजावले होते. तेव्हा घरचे म्हणून न विचारता लावावे असे मला आता म्हणवत नाही. गेल्या दिवाळीला मी आईकडून उटण्याची यादी मागवली. "चमच्यांनी लिही, जास्त असेल ते आधी," असे फोनवर सांगितले. ती हसली, पण चिठ्ठी आली.

बहिणीचा चेहरा सावरायला वर्षाच्या वर लागले. गालांवर अजून थोडी लाली आहे. ऊन लागले की ती उमटते. शिरा काही पुरत्या गेल्या नाहीत. क्रीम ती आता स्वतःच आणते आणि यादी वाचून झाल्यावर डबी माझ्यापुढे सरकवते.

परवा विवाहमंडळाकडून पत्र आले. अर्जाचे नूतनीकरण करायचे होते, आणि जुन्या अर्जाची प्रत सोबत जोडली होती. मी कचेरीतून आलो तेव्हा ती टेबलाशी बसून अर्ज भरत होती. 'वर्ण' या रकान्यातील माझ्या अक्षरातले 'गव्हाळ' तिने एका रेघेने खोडले होते, आणि वर स्वच्छ अक्षरात 'सावळा' लिहिले होते. कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे खाडाखोडीच्या बाजूला सही लागते.

"इथे तू सही कर, दादा," ती म्हणाली. मी अर्ज वरपासून खालपर्यंत एकदा वाचला आणि सही केली.