अडगळीतील सेवक

मराठी घरात जुनी वस्तू सहसा एकाएकी टाकली जात नाही. जुन्या लुगड्याची गोधडी होते, गळक्या डब्यात तुळस लावली जाते. संगणकाच्या वाट्याला मात्र असे दुसरे आयुष्य क्वचितच येते. काही वर्षांत तो मंदावतो, नव्या प्रणाली त्याला पेलवत नाहीत आणि त्याची रवानगी माळ्यावर किंवा भंगारात होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित आधार संपला, तेव्हा चांगले चालणारे कितीतरी संगणक एका दिवसात जुने ठरले.

अशा संगणकाला घरातच एक साधे काम देता येते. गाणी, छायाचित्रे व चित्रफिती सांभाळायच्या आणि कोणी मागताच पुरवायच्या, एवढेच ते काम. ते करणाऱ्या संगणकाला सर्व्हर, म्हणजे सेवा पुरवणारा, असे म्हणतात. या कामाला फारसा वेग लागत नाही. आतली धूळ झाडावी, हार्ड डिस्क तपासावी, ती खराब असल्यास नवी बसवावी आणि त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालावी. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. पुढे जगभरातील अनेकांनी तो वाढवला. तिच्यावर जेलीफिनसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवून संगणक तारेने राउटरला जोडला, की घरातल्या मोबाइलवर किंवा संगणकावर हवे ते ऐकता-पाहता येते.

या संग्रहात ठेवावे तरी काय? चित्रपट पुन्हा मिळू शकतात. परंतु घरात टेपरेकॉर्डर नवा असताना कोणीतरी हौसेने टिपून ठेवलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा बारशाचा पाळणा कोणत्याही दुकानात मिळत नाही. दमट हवेत कॅसेटची फीत बुरशी धरते आणि तिच्याबरोबर तो आवाजही विरत जातो.

कॅसेट संगणकात उतरवताना ती सहसा संपूर्ण वाजू द्यावी लागते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतात; तेथे घाई चालत नाही. या वेळेत घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे. दळताना गाणारी कोण, मागून हसणारे मूल कोणाचे, हे त्यांनाच ठाऊक असते. ते ऐकून प्रत्येक ध्वनिमुद्रणाला नाव, गाव आणि वर्ष द्यावे. सांगणारे माणूस गेले, तर आवाज उरतो. पण तो कोणाचा हे कळेनासे होते.

१२८ किलोबिट दराने साठवलेले एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ५८ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कवर सतरा हजारांहून अधिक तास मावतात. तथापि, डिस्क कधीही बिघडू शकते. म्हणून दुसरी प्रत काढून ती एखाद्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी. विजेचेही भान हवे. ५० वॅट घेणारा संगणक अहोरात्र चालल्यास दिवसाला १.२ युनिट वीज लागते. रात्री तो बंद ठेवणे बरे.

एवढी काळजी घेतली, तर भंगारात निघालेला हा संगणक पणजीचा आवाज पणतवंडाच्या कानी घालू शकेल. मात्र ती कॅसेट आणि तिच्यातला आवाज ओळखणारे माणूस, दोन्ही घरात आहेत तोवरच हे काम हाती घ्यायला हवे.