ब्रह्मराक्षसामागची माणसे

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण एकट्या माणसाची आहे. तिच्यात वाट आहे, अंधार आहे, घाबरलेला एक जण आहे आणि त्याच्या मागे चालणारे काहीतरी आहे. सोबत मात्र कोणाचीच नाही, आणि सोबत असती तर ही म्हण जन्मालाच आली नसती, असे मानण्यास जागा आहे. रक्तपिपासू पिशाच्चांच्या दूरचित्रवाणी मालिकांभोवती गेल्या पाव शतकात इंटरनेटवर जमलेल्या चाहत्यांचा विचार करताना ही म्हण वारंवार आडवी येते, कारण तेथला माणूस एकटा नसतो आणि पुष्कळदा भीतही नसतो. तोच ब्रह्मराक्षसाच्या पाठी लागलेला असतो आणि आपल्यासारखे पाठी लागलेले आणखी कोणी आहेत का, याचा शोध घेत असतो.

ऑक्टोबर 2010 मध्ये स्टार वन या वाहिनीवर 'प्यार की ये एक कहानी' ही हिंदी मालिका सुरू झाली. अभय हा तिचा नायक व्हॅम्पायर होता, म्हणजे मरूनही न मेलेला आणि रक्तावर जगणारा, आणि पिया ही त्याच्या प्रेमात पडलेली महाविद्यालयीन तरुणी. प्रेक्षकांनी या दोघांच्या नावांचा जोड करून 'अभिया' असे एकच नाव घडवले. दोन पात्रांनी एकत्र यावे असा आग्रह धरणे, त्यासाठी वाद घालणे आणि त्या आग्रहातून मैत्री जोडणे, याला चाहत्यांच्या बोलीत 'शिप' करणे म्हणतात. मूळ कथेतील पात्रे घेऊन चाहत्याने स्वतः रचलेल्या कथेला 'फॅनफिक्शन', आणि ती एका बैठकीत संपणारी असेल तर 'वन शॉट'. मालिकेने जे दाखवले नाही ते या कथांत लिहिले गेले, दुसऱ्या दिवशीची परीक्षा बाजूला सारून रात्री लिहिले गेले, आणि 'पुढचा भाग कधी?' असे विचारणारे वाचक त्यांना त्याच रात्री मिळाले. मालिका डिसेंबर 2011 मध्ये संपली. त्याच महिन्यात स्टार वन ही वाहिनीही बंद होऊन तिच्या जागी लाइफ ओके आली. ज्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर पुण्यातल्या महाविद्यालयीन पिढीने चाहत्यांचे कित्येक समूह मांडले होते, ते 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले.

परंतु म्हणीतला ब्रह्मराक्षस नेमका कोण, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोकसमजुतीप्रमाणे तो साधे भूत नसतो. विद्या मिळवूनही ती दुसऱ्याला न दिलेला किंवा तिचा दुरुपयोग केलेला विद्वान मेल्यावर ब्रह्मराक्षस होतो आणि पिंपळावर राहतो. त्याला सारे शास्त्र येत असते, फक्त ऐकणारा कोणी नसतो. असे असेल तर भित्याच्या पाठी तो कशासाठी लागतो, हा प्रश्न म्हणीने सोडून दिलेला आहे. तो खाण्यासाठीच मागे येतो, हे भिणाऱ्याचे अनुमान आहे; त्याला सांगायचे काहीतरी असेल आणि मागे वळून ऐकणाऱ्या एका माणसाच्या आशेने तो इतकी वाट चालत असेल, ही शक्यता म्हणीत मावत नाही, पण म्हण तिला नाकारतही नाही.

वेताळाची गोष्ट याच शक्यतेवर उभी आहे. पुणे शहरातील सर्वांत उंच टेकडी वेताळाच्या नावाने ओळखली जाते, माथ्यावर त्याचे देऊळ आहे आणि पहाटे फिरायला जाणारी माणसे न भिता त्याला हात जोडतात. गोव्यात तर कित्येक गावांचा तो ग्रामदेव आहे. कथेतला वेताळ मात्र प्रेतात शिरून झाडाला लोंबकळतो, राजाच्या पाठीवर बसतो आणि गोष्ट सांगतो. येथे राक्षस अक्षरशः पाठीशी आहे आणि ज्याच्या पाठीशी आहे तो भित्रा नाही. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न येतो, राजाने उत्तर दिले की मौनाची अट मोडते आणि वेताळ पुन्हा झाडावर जातो. शेवटच्या प्रश्नाला राजापाशी उत्तर नसते, तो गप्प राहतो, आणि नेमका तेव्हाच वेताळ प्रसन्न होऊन, राजाला ते प्रेत आणायला पाठवणाऱ्या कपटी भिक्षूपासून वाचण्याचा मार्ग त्याला सांगतो. 2009 ते 2017 या काळात आठ पर्वे चाललेल्या 'द व्हॅम्पायर डायरीज' या अमेरिकी मालिकेचे चाहते नायिकेने स्टीफन निवडावा की डेमन, यावर वर्षानुवर्षे भांडत राहिले. त्यांना एकत्र ठेवणारी गोष्टही उत्तराचा अभाव हीच होती काय, असे विचारावेसे वाटते.

सोमदेवाच्या 'कथासरित्सागर' या अकराव्या शतकातील ग्रंथात वेताळाला वाहून नेणारा राजा गोदातीरावरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा आहे. त्याच ग्रंथाच्या आरंभी त्याच प्रतिष्ठानातील गुणाढ्याची कथा येते, आणि चाहत्यांचा विषय खरे तर तिच्यापाशीच पोहोचतो. सातवाहन राजाला संस्कृत किती काळात शिकवता येईल यावरून लागलेली पैज गुणाढ्य हरला, त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या आणि तो विंध्यारण्यात गेला. तेथे काणभूती नावाच्या पिशाच्चाने त्याला सात कथा सांगितल्या. त्या सांगून झाल्यावरच त्या पिशाच्चाची शापातून सुटका व्हायची होती. अरण्यात शाई नव्हती, म्हणून गुणाढ्याने सात वर्षे खपून सात लक्ष श्लोक पैशाची भाषेत स्वतःच्या रक्ताने लिहिले. शिष्यांनी तो ग्रंथ राजाकडे नेला. भाषा पिशाच्चांची आणि अक्षरे रक्ताची, असे म्हणून राजाने तो झिडकारला. मग गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळले. हरणे, डुकरे, रेडे चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून भोवती बसले. राजाच्या ताटात वाळक्या प्राण्यांचे मांस येऊ लागले, तो आजारी पडला, शोध घेत अरण्यात आला, तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष उरले, नरवाहनदत्ताच्या कथेचे. ते उरले कारण गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांना ती कथा विशेष आवडत होती.

ग्रंथाचा कोणता भाग जगावा हे येथे राजाने ठरवले नाही, विद्वत्सभेनेही नाही. दोघांच्या आवडीने ठरवले. चाहतेपणाचा याहून मोठा गौरव भारतीय कथेत क्वचितच सापडेल. तरीही मन येथे स्वस्थ होत नाही. जळालेले सहा लक्ष श्लोकही कोणाला तरी आवडले असते, आणि ज्यांनी ते डोळ्यांत पाणी आणून ऐकले त्या पशूंपाशी ते टिकवण्याचे साधन नव्हते. शिवाय या कथेत रक्त पिणारा कोण? पिशाच्चाने फक्त सांगितले. रक्त गेले ते लिहिणाऱ्याचे. चाहत्याने रात्री जागून, मोबदल्याविना लिहिलेल्या कथेवर वाहिनीची लोकप्रियता वाढते आणि संकेतस्थळाच्या जाहिराती चालतात, तेव्हा त्या श्रमाला प्रेम म्हणावे की शोषण, हे ठरवणे अवघड आहे. लिहिणाऱ्या मुलींनी त्याला प्रेम म्हटले, आणि त्यांचा शब्द खोटा ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला आहे असे वाटत नाही. पण केवळ त्यांच्या शब्दावर प्रश्न मिटतो, असेही नाही.

नारायण धारप यांची 'लुचाई' ही कादंबरी, जी स्टीफन किंगच्या 1975 मधील 'सेलम्स लॉट' या व्हॅम्पायर-कथेवर बेतलेली म्हणून ओळखली जाते, मराठी वाचकांनी वाचनालयातून आणून बहुधा एकट्याने, रात्री वाचली. त्या वाचकांना म्हण तंतोतंत लागू होती. पुढच्या पिढीला सोबत मिळाली, आणि सोबतीने भीती गेली की भीतीच्या जागी दुसरी एखादी ओढ येऊन बसली, याचा निवाडा म्हणीच्या आधाराने करता येत नाही. म्हणीत मुळी दुसरा माणूसच नाही.

गुणाढ्याची मूळ 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. सोमदेव, क्षेमेंद्र आणि बुधस्वामी यांनी ती आपापल्या परीने पुन्हा सांगितली म्हणून तिची ओळख उरली. 2010 च्या आसपास ज्यांनी अभय आणि पियाच्या, किंवा तशाच दुसऱ्या कोणाच्या कथा लिहिल्या आणि ज्यांच्या जुन्या संगणकात त्या अजून पडून आहेत, त्यांनी त्या पोरकटपणा समजून पुसू नयेत. निदान ज्या दोघा-चौघांना त्या तेव्हा आवडल्या होत्या, त्यांच्याकडे एकेक प्रत पाठवून द्यावी.