बेअरिंगचा गाडा



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. महिनाभर पुण्याला लेकीकडे होतो. आता पाटोद्याला परत आलोय, पण डोक्यात एकच विषय घोळतोय. स्केटबोर्डिंग! हसू नका. पंचाहत्तरीला टेकलेला, गुडघ्यांना तेल चोळणारा मास्तर आणि हा विषय कसा, ते सांगतो.

नातीला (वय वर्षं अकरा) वाढदिवसाला स्केटबोर्ड मिळाला. म्हणजे चार चाकं लावलेली फळी. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर खेळायच्या. एक दिवस वॉचमन आला आणि म्हणाला, "बंद करा बेटा, कमिटीची ऑर्डर आहे." आवाज होतो, गाड्यांना ओरखडे पडतात, वगैरे. बाहेरच्या रस्त्यावर तर पाठवायची सोय नाही. नात तोंड पाडून माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, मग आम्ही खेळायचं कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. शिवाय हा प्रश्न मी आधी एकदा ऐकलेला होता. ते पुढे सांगतो.

मग तिनेच मला मोबाईलवर स्केटपार्क दाखवले. गुळगुळीत काँक्रीटचे उतार, पायऱ्या, कठडे, आणि मधोमध गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा मोठा खोलगट भाग. पोरं एका काठावरून खाली झेपावतात ती थेट दुसऱ्या काठावर. म्हटलं, ही काहील कुणाच्या डोक्यातून निघाली? शोधलं तर गंमतच निघाली.

कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली, ही सुरुवात. तेव्हाची चाकं कडक. बारीकसा खडा आडवा आला की पोरगं तोंडावर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन नावाच्या चिवट प्लॅस्टिकची चाकं आली आणि फळी रस्ता धरून चालू लागली. पुढे १९७६-७७ ला तिथे दुष्काळ पडला. पाणी जपायचं म्हणून घरामागचे पोहायचे तलाव कोरडे राहिले. पोरं कुंपणावरून उड्या टाकून त्या कोरड्या तलावांत शिरली आणि त्यांच्या गोल भिंतींवर चाकं चढवायला शिकली. आजच्या पार्कातली काहील ही त्याच तलावांची नक्कल!

दुष्काळ म्हटल्यावर बीड जिल्ह्यातल्या माणसाचे कान टवकारणारच. १९७२ ला मी कॉलेजात होतो, दुष्काळी कामावर खडी फोडलीय. आटलेल्या तळ्यात पोरं विटीदांडू खेळायची, तेही आठवतं. त्यांच्या दुष्काळात पोहायचे तलाव आटले, आमच्यात प्यायच्या विहिरी. फरक एवढाच... आणि तो किती मोठा, ते तुम्हाला सांगायला नको.

पण चाकावरची फळी आम्हालाही नवी नव्हती. आमच्याकडे तिला बेअरिंगचा गाडा म्हणायचे. गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून ट्रकची जुनी बेअरिंगं आणायची. मागे दोन, पुढे एक. पुढच्या आडव्या दांडक्याला सुतळी बांधली की झालं वळवायचं यंत्र. उतारावरून सोडला की खर्रर्र आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जायचा.

१९८६ ची गोष्ट असेल. मी तेव्हा ज्या शाळेत होतो तिच्यासमोर चांगला उतार होता आणि त्यावर नवीनच डांबर पडलेलं. सातवीतला एक पोरगा रोज शाळा भरायच्या तासभर आधी गाडा घेऊन हजर. अभ्यासात यथातथा, पण गैरहजर कधी नाही. आईवडील ऊसतोडीला जाणारे. एक दिवस प्रार्थनेच्या वेळी तो खर्रर्र आवाज आला आणि माझं टाळकं सरकलं. गाडा काढून घेतला. "एस्टीखाली सापडलास म्हणजे?" हे कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण आवाजच होता. पोरगा रडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, मग खेळावं कुठं?"

मी म्हणालो, "घरी." त्याचं घर म्हणजे एक खोली, आणि दारापासून दुसऱ्याचं नांगरलेलं रान.

त्या दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर कारखान्याला गेला. जूनमध्ये शाळा उघडली, तो आला नाही. गाडा घेतला म्हणून तो गेला असं नाही म्हणत मी. तसा तो गेलाच असता, आमच्या तालुक्यातली कितीतरी पोरं अशीच जातात. पण परत यायला त्याच्याकडे एक कारण होतं, ते मी कपाटावर ठेवून दिलं होतं.

हे सगळं उसळून वर आलं ते जनवारबद्दल वाचताना. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात हे खेडं आहे. उलरिके राइनहार्ट नावाच्या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तिथे काँक्रीटचा स्केटपार्क बांधला. नियम मोजके. पहिला, मुलींना आधी संधी. दुसरा, शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही! त्याच खेड्यातली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली.

दुसऱ्या नियमापाशी मी बराच वेळ थांबलो. त्यांनी खेळाला शाळेच्या दारात बांधलं. माझा नियम नेमका उलटा होता. शाळा आहे, म्हणून गाडा नाही.

आणि हो, उदयपूरजवळच्या खेमपूरमध्ये 'स्केटर गर्ल' या सिनेमासाठी (२०२१) असाच पार्क बांधला आणि शूटिंग संपल्यावर तो मुलांसाठी ठेवला. दिग्दर्शिका मंजरी माकिजनी. आमच्या पिढीसाठी ओळख सांगतो, 'शोले'तल्या सांबाची, म्हणजे मॅक मोहनची मुलगी! त्याच वर्षी टोकियोत हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियाने सुवर्ण आणि ब्राझीलच्या रायसा लेआलने रौप्य जिंकलं. दोघीही तेरा वर्षांच्या. माझ्या सातवी-आठवीच्या वर्गातलं वय. आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनेही २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळाचं सुवर्ण मिळवलं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मास्तर, पाटोद्याला आधी पाणी आणा, मग हे लाड. खरंय. मीही आयुष्यभर तेच म्हणालो. पण पाण्याची वाट बघता बघता पोरांच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. पडायला-उठायला हक्काचा एक तुकडा जागा, हा लाड नव्हे. तो नसला की पोरगं रस्त्यावर जातं, आणि मग आपणच त्याला रागावतो.

२००३ च्या सुमारास तो पोरगा बसस्टँडवर भेटला. टोळीचा मुकादम झाला होता. भर गर्दीत वाकून पाया पडला, चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. गाड्याचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

पुण्याहून निघण्याआधी सोसायटीच्या कमिटीला माझ्या मास्तरी अक्षरात अर्ज लिहून दिला. रोज संध्याकाळी पाच ते सहा पार्किंगचा रिकामा कोपरा मुलांना द्यावा, हेल्मेट घालण्याची जबाबदारी पालकांची. उत्तर अजून आलेलं नाही. नातीला फोनवर सांगितलंय, नाही आलं तर दुसरा अर्ज लिहू.

आणि गाडा? निवृत्त होताना शाळेतलं ते कपाट मुद्दाम पाहिलं होतं. वर नुसती धूळ होती.

असो. तुमच्या गावात पोरं कुठे खेळतात, ते जरूर कळवा.